दादाच्या घराला चाकं आहेत

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, मैत्रिणीला नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा या गोष्टीपाशी आले की मी मनातल्या मनात नजर बाजूला काढून घेते. बोलणं मला मुळातच जमत नाही. घरात पाहुणे आले की चहाचा ट्रे ठेवायचा आणि आत पळायचं, हीच माझी रीत. त्यामुळे माझ्याबद्दल सगळ्यांचं मत चांगलं आहे. गरीब पोरगी, म्हणतात. तोंडातून शब्द म्हणून नाही. — शब्द नाही? होता की. जिथे नको होता, नेमका तिथे होता.

जालन्यात मस्तगडला आमची पिठाची गिरणी आहे. पुढे गिरणी, मागे आम्ही राहतो, वर एक खोली. बाबा टेंभुर्णीहून आले ते गिरणी चालवायलाच. पट्ट्याच्या त्या खडखडाटात उभं राहून राहून त्यांचे कान गेले. समोर बसून, ओठ दिसतील असं, मोठ्याने बोललं की त्यांना कळायचं. फोनवर मात्र काहीच नाही. रिसीव्हर कानाला लावून ते नुसते हसायचे आणि माझ्या हातात द्यायचे. "तू बोल, माय. मला मंग सांग."

दादा आणि मी, दोघंही इंग्रजी शाळेत गेलो. बाबांचा हट्ट. पिठाने भुवया पांढऱ्या झालेले बाबा शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला यायचे आणि मी चार पावलं पुढे चालायचे — ते माझे कुणी नाहीत असं. पण मला सांगायचंय ते हे नाही. हे लहान आहे. अशा लहान लहान गोष्टी मी पटकन कबूल करून टाकते, म्हणजे मोठीपर्यंत जावं लागत नाही. हीही एक युक्तीच.

घरात आम्हा भावंडांना इंग्रजीचा एकच खरा उपयोग होता — लपायला. परीक्षेत मार्क कमी पडले, पैसे हरवले, कुणाशी भांडण झालं, की आईच्या देखत आम्ही इंग्रजीत बोलायचो. आई कौतुकाने बघत राहायची. तिला वाटायचं, पोरं अभ्यासाचं बोलतायत.

मग कॉम्प्युटर शिकलेली मुलं अमेरिकेला जायला लागली, तसा दादाही गेला. वरची खोली त्याची होती. तो गेल्यावर ती मला मिळाली. तोवर मी आईच्या शिलाईमशीनच्या आणि गव्हाच्या पोत्यांच्या मधे झोपत होते, साडीचा पडदा लावून कपडे बदलत होते. कुणीही, केव्हाही आत यायचं — "दळण झालं का ओ?" करत. वरच्या खोलीला कडी होती. आतून. विशी आलेली होती माझी, आणि आयुष्यात पहिल्यांदा एक दार मला आतून लावता येत होतं. तुम्ही कधी असे राहिला आहात का, की दार लावता येणं हीच चैन वाटावी? — असो. हे समजावून सांगण्यातही माझा स्वार्थ आहे.

वर्ष-दोन वर्षांत दादाचं काम गेलं. हे घरात फक्त मला माहीत होतं. तो दक्षिणेकडच्या, समुद्रकाठच्या एका शहरात गेला आणि एका मोटेलच्या काउंटरवर उभा राहायला लागला. दर रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा. आधी आई बोलायची: जेवलास का, थंडी आहे का, पोळ्या कोण करतं. मग मी. मला तो इंग्रजीत खरं सांगायचा आणि मी फोन ठेवून मराठीत खोटं सांगायचे. त्यानेच सांगितलं होतं तसं करायला. तोवरचं खोटं आमचं दोघांचं होतं.

एका शनिवारी संध्याकाळी बाबांनी गिरणी बंद केली, पट्टा उतरवला आणि मला हाक मारली.

"पोराचा आवाज कसा लागतो गं?"

"चांगला लागतो," मी म्हणाले.

"तुझी आई म्हणती, बारीक झाला. आवाज बारीक झाला म्हणती." बाबा हात झटकत होते, पीठ उडत होतं. "उद्या त्याला म्हणाव, न्हाई जमून राह्यलं तर ये वापस. गिरणी हाये. लोकाचं काय, चार दिवस हसतील, मंग दळण घेऊन इथंच येतील. बराबर सांगशील ना?"

मी मान हलवली. त्यांच्या त्या वाक्याचं मला हसूही आलं होतं. म्हणजे मी ते नीट ऐकलं होतं. विसरले, असं मला म्हणता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दादाचा फोन आला. आईचं झाल्यावर त्याने मला घाईघाईने सांगितलं: मोटेलजवळ एक म्हातारा आपलं मोबाइल होम विकून मुलीकडे राहायला चाललाय. चाकांवरचं घर असतं — कारखान्यात तयार होतं, ट्रकमागून ओढत आणतात आणि भाड्याच्या जागेवर उभं करतात. दादाजवळ साठलेल्या पैशांत एक तर ते घर येईल, नाही तर घरी परत येऊन इथे काहीतरी सुरू करता येईल. कागदपत्रं अशी अडकलीत की एकदा निघाला तर परत आत घेणार नाहीत. "मला यायचंय," तो म्हणाला. "पण बाबांना विचार. ते ये म्हणाले तर मी येतो. त्यांना न विचारता मी त्या गिरणीत तोंड नाही दाखवू शकत."

बाबा माझ्या शेजारीच उभे होते. "काय म्हणून राह्यलाय?" ते मोठ्याने म्हणाले. तिकडे दादाने ते ऐकलं आणि थांबला. वाट बघत.

आता बघा — दोघं एकच गोष्ट बोलत होते. मला काही करायचं नव्हतं. फक्त मधून बाजूला व्हायचं होतं.

बाबांशी ओरडून बोलावं लागे, म्हणून मी नेहमीच रिसीव्हरवर तळहात दाबायचे. दादालाही ते माहीत होतं. तसाच दाबला आणि बाबांना म्हणाले, "दादा तिथं घर घेतोय. समुद्राजवळ."

आईने टाळी वाजवली. बाबा माझ्या ओठांकडे बघतच राहिले. "माझं सांगितलं का?"

"सांगितलं. तो म्हणतो, इथंच बरं आहे."

मग तळहात काढला आणि दादाला इंग्रजीत सांगितलं — बाबा नको म्हणतायत. लोकांना काय तोंड दाखवू, म्हणतायत.

"बाबा असं म्हणाले?"

"हो."

 तो मराठीत म्हणाला, "बरं. त्यांना म्हणावं, काळजी करू नका."

का केलं? मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले की बाबांची मान खाली जाऊ नये म्हणून. दादाचं भलं तिकडेच होतं म्हणून. खोटं आहे ते. त्या क्षणी मला बाबा आठवले नाहीत, दादाही नाही. मला ती कडी आठवली. दादा आला की त्याचं लग्न करायचं आणि वरची खोली त्या दोघांना द्यायची, हे आईने कधीच ठरवून ठेवलं होतं. मी परत पोत्यांच्या मधे, आणि तिथून कुठल्या तरी अनोळखी घरात. एका खोलीसाठी मी माझ्या भावाला परक्या मुलखात ठेवलं. याला दुसरं मोठं नाव देऊन मला सजवायचं नाही.

पेढे वाटले. शेजारचे किराणावाले सेठजी बाबांच्या कानाशी येऊन ओरडले, "क्या मामा, अब अमरिका में पीठ दळणार काय?" बाबा म्हणाले, "तिकडं दळण न्हाई खात लोकं. पाव खाऊन राह्यलीत." सगळे हसले. मीही हसले.

मग फोटो आला. लांबट, पांढरं, रेल्वेच्या डब्यासारखं घर, पत्र्याच्या भिंती, दाराशी तीन लाकडी पायऱ्या आणि त्यावर दादा. वाऱ्याने उलटू नये म्हणून घराला पट्टे लावून जमिनीत ठोकलेले. बाबा फोटो घेऊन गिरणीच्या दारात उन्हात गेले. बराच वेळ बघत होते. मी मागे उभी.

"हे पुढं काय निघालंय गं? बैलगाडीच्या धुरीवाणी?"

"नळ असेल," मी म्हणाले.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. "नळ न्हाई, माय. खाली चाकंबी दिसून राह्यली." आणि मग त्यांना एकदम हसू फुटलं, भुवयांवरचं पीठ खाली पडलं. "चाकंच हायेत तर घेऊन ये म्हणाव घर इकडं! गिरणीच्या मागं लावू. जागा लई." डोळे पुसत म्हणाले, "एवढं सांग त्याला. हसंल जरा."

मी सांगितलं नाही. कसं सांगणार? ज्या बापाने नको म्हटलं, तो असं कसं म्हणेल? एक वाक्य खोटं बोललं की पुढची खरी वाक्यंही बंद होतात, हे तेव्हा कळलं. पुढे काही रविवारी बाबा फोनशेजारी येऊन विचारायचे, "निघालं का घर तिकडून?" मी हसून मान हलवायचे. मग तेही विचारेनासे झाले. रविवारी फोन वाजला तरी गिरणीतच थांबायला लागले. म्हणायचे, "तुम्ही बोला. मला काय ऐकू येतंय."

ते गेले तेव्हा दादा आला नाही. फोनवर त्याने एवढंच विचारलं, "माझ्यावर राग होता का गं त्यांचा?" आई आत बायकांमधे बसलेली होती. फोनपाशी मी एकटी. सगळं सांगायला याहून चांगली वेळ मिळाली नसती. मी म्हणाले, "नाही." हे एक उत्तर खरं होतं, आणि त्या खऱ्याच्याच आड मी पुन्हा लपले. तो म्हणाला, "मी तर कधीच सोडून दिलंय ते."

सोडून दिलंय. म्हणजे त्याने बाबांना माफ केलंय. जे बाबांनी केलंच नाही, त्याबद्दल. आणि इतक्या वर्षांत आईजवळ त्याने एका शब्दाने काढलेलं नाही की बाबांनी मला येऊ दिलं नाही. बाबांचं नाव तो तिकडे, त्या पत्र्याच्या घरात, सांभाळून बसलाय. बाबांच्या फोटोला हार घालतो. मला त्याने व्हिडिओ कॉलवर तो फोटोही दाखवला — भिंत इतकी पातळ की खिळा पलीकडे निघाला, म्हणाला, आणि हसला.

त्याचं आता बरं चाललंय, असं लोक म्हणतात. कागद झालेत. कुंडीत मेथी लावतो. वादळाची सूचना आली की त्या वस्तीतल्या सगळ्यांना घरं सोडून जावं लागतं; तोही मोटेलमधे जाऊन बसतो आणि सकाळी परत येऊन बघतो — घर आहे का. आई इथे टीव्हीसमोर बसून राहते. "पक्कं घर का न्हाई घेत गं हा?" मला विचारते. मी म्हणते, तिकडं तशीच असतात.

वरची खोली अजून माझीच आहे. लग्न जमलं नाही, त्यामुळे कुणाला द्यावीही लागली नाही. खाली गिरणी आता आम्ही भाड्याने दिलीय, पट्टा चालू झाला की माझी जमीन थरथरते. मी कडी लावून बसते.

रविवारी दादाचा फोन येतो. आधी आई बोलते, मग मी. आता आम्ही मराठीतच बोलतो; लपवायचं असं त्याच्याजवळ काही उरलेलं नाही. बाबांचं ते वाक्य — चाकंच हायेत तर घेऊन ये घर इकडं — माझ्याजवळ आहे, जसंच्या तसं, त्यांच्या हसण्यासकट. त्याच्यासाठी दिलं होतं.

या रविवारीही मी ते सांगितलं नाही.