वाकळीखालची ठिणगी

बंद पडलेली मोटारसायकल पाहून ज्याला सासुरवाडीचं जेवण मिळाल्यासारखा आनंद होतो, असा माणूस आमच्या गोंदिया जिल्ह्यात एकच झाला, आणि तो नेमका माझाच साडभाऊ निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. घर फुलचूरला, जन्मभर राइस मिलमध्ये फिटर. लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, हे प्लग ठेवत. रस्त्याच्या कडेला कोणाची गाडी उभी दिसली की यांची सायकल थांबलीच. एकदा कुडव्याकडच्या वळणावर एक गृहस्थ गाडी लावून बाभळीआड लघवीला गेले होते. ते परत येईस्तोवर यांनी त्यांचा प्लग काढून, फुंकून, धोतराला पुसलाही होता. गृहस्थ खवळले, "माझी गाडी चालू होती जी!" हे म्हणाले, "चालू होती. पन खुश नोती." पुतणीच्या लग्नात विहारात सारे हात जोडून त्रिशरण म्हणत होतो, तर बाहेरून किकचा आवाज. थोरली मेहुणी डोळे न उघडताच पुटपुटली, "नवरदेवाची तरी सोडली असंल त गनीमत." सोडली नव्हती.

ठिणगीच्या रंगावरून ते गाडीची प्रकृती सांगत. निळी म्हणजे धडधाकट, पिवळी म्हणजे कावीळ, आणि लाल दिसली तर "सोयऱ्याईले कळवून द्या." पण ठिणगी उजेडात पाहायची नाही हा त्यांचा कायदा. "उजेडात करंट लाजते," म्हणत. म्हणून कोणाच्याही अंगणात गेले की पान्याच्या आधी वाकळ मागायचे. भर मे महिन्यात, दुपारी बाराला, गाडीवर वाकळ, वाकळीखाली हे, आणि बाहेर गाडीवाला किक मारतो आहे, असं दृश्य मी पन्नास वेळा पाहिलं आणि पन्नास वेळा हसलो. मी चौथीतून शाळा सोडलेला माणूस, पण माझी दोन स्ट्रोकवाली मी दुसऱ्याच्या हाताला कधी लागू दिली नाही. यांच्या तर नाहीच नाही.

मग दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात ती बंद पडली. मी प्लग बदलला, पॉइंट पॉलिश पेपरनं घासले, नवी कॉइल आणली. करंट नाही. किक मारून मारून घोटा सुजला. आठव्या दिवशी पोरगा म्हणाला, "बाबा, पुरे करा. भंगारवाला रविवारी येऊन राहिला. तुमच्यानं आता होत नाई." गाडी जाण्याचं दुःख होतंच, पण ते शेवटचं वाक्य मला भाल्यासारखं लागलं.

बायकोनं मला न विचारता फुलचूरला फोन केला. रविवारी सकाळी साडभाऊ हजर, सायकलच्या कॅरिअरला घरची वाकळ बांधून.

"काऊन जी, मले बोलावलं नाई?"

"बिघडलीच नाई, त कायले बोलावू?"

"मंग ही काऊन उभी हाय?"

"आराम करून राहिली."

त्यांनी टाकी उतरवली, वाकळ टाकली, आत शिरले. मी किक मारली. आतून आरोळी आली, "निळी! मोराच्या गळ्यासारखी निळी!" मला राहवेना, मीही आत शिरलो. पोरगा किक मारू लागला. शेजारीण माझ्या बायकोला विचारत होती, "घरात कोन बिमार हाय वो?" टाकी चढवली, किक मारली, गाडी मुकी. टाकी उतरवली, ठिणगी हजर. चढवली, गायब. असं चार वेळा झालं. तेवढ्यात भंगारवाला आला, ठेला लावून सावलीत बसला, आणि आमच्याच घरचा चहा पीत तमाशा पाहू लागला.

पाचव्या वेळी वाकळीखाली साडभाऊंचा हात थबकला. टाकीच्या खाली, इंजिन बंद करायच्या स्विचची वायर चेपून सोलली होती. टाकी चढली की उघडी तार लोखंडाला टेकायची आणि करंट तिथंच मरायचा. गाडी बंद पडण्याच्या आदल्या संध्याकाळी रंग मारायला ती टाकी मीच काढली होती, आणि मीच जोर लावून आवळली होती. वाकळीच्या भोकातून येणाऱ्या उजेडात त्यांनी वायर पाहिली, मग माझं तोंड पाहिलं.

"मावसाजी, सापडलं का काई?" बाहेरून पोरगा.

"उंदीर!" साडभाऊ गरजले. "उंदरानं वायर कुरतडली बापा! तुह्या बाबानं त प्लग, पॉइंट, सारं टकाटक करून ठेवलं होतं. उंदरापुढं मेकॅनिक काय करंल?"

टेप गुंडाळली, टाकी चढली, पहिल्याच किकेला साऱ्या गल्लीत धूर. भंगारवाल्यानं टाळ्या वाजवल्या आणि रिकामा ठेला वळवला. पोरानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याच संध्याकाळी उंदरांचा पिंजरा आणला. दोन महिने त्यात भजं लावत होता. काही सापडलं नाही.

साडभाऊंनी ती गोष्ट पुढं कधी काढली नाही. चेष्टेतही नाही, मेहुणीजवळही नाही. मीही त्यांना एक शब्द बोललो नाही. आज बोलू, उद्या बोलू म्हणता म्हणता ते गेले, आणि मी तिरडीला खांदा दिला तेव्हाही माझं तोंड बंदच होतं. आता हे लिहिलं की पोरगा वाचेल. वाच बापा. उंदीर नव्हता गा, मी होतो.