चादरीवरचं धरण

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितली नाही, आणि ती तर गेली. तुम्ही माझे कोण? कुणी नाही—म्हणूनच जमेल बहुतेक. चौथीपर्यंत शिकलेला माणूस मी, लिहायला वेळ लागतो. दमायला होतं. असो.

घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत मी पाण्याचा चावीवाला होतो. रस्त्यातलं झाकण उचलायचं, लांब चावी घालून फिरवायची—या गल्लीचं पाणी सोड, त्या गल्लीचं बंद कर. बायका शिव्या घालायच्या आणि चहाही पाजायच्या. माझ्याशिवाय डोंगरावर पाणी हलत नसे, हा माझा तोरा. रिटायर झालो, आणि तोरा ठेवायला जागाच राहिली नाही.

माझी मुलगी मंगल. लॅबमध्ये नोकरी करते, लग्न केलं नाही. तिचा एक खेळ होता. रविवारी दुपारी तिचे मित्र आमच्या खोलीत जमायचे. पट नाही, सोंगट्या नाहीत. मंगलने मनानेच एक मुलूख रचलेला—डोंगर, नद्या, राजे, त्यांची भांडणं, मेलेल्या राजांचीसुद्धा भांडणं. जुन्या डबल चादरीवर तो रंगवून तिने भिंतभर टांगला होता. प्रत्येकाने त्या मुलखातला एक माणूस व्हायचं, काय करणार ते बोलायचं, फासे टाकायचे. पुढे काय झालं ते मंगल सांगणार. आणि झालं ते झालं, परत फिरवायचं नाही—हा तिचा कायदा.

आधी मी हसलो. घोडे झालेत आणि भातुकली खेळतात, म्हटलं. पण आमची खोली केवढी—पाय लांब केले की भिंत. आणि त्या भिंतीवर एवढा मुलूख! एक दिवस मंगल म्हणाली, "अप्पा, नुसते बघता काय, या ना. तुम्हाला धरणाचा राखणदार करते." झालो. कसं सांगू—सोमवार उजाडला की मी रविवारची वाट बघायचो. चहा पिता पिता त्या नद्यांवरून बोट फिरवायचो.

पण त्या मुलखाचं एक पुस्तक होतं. मंगलनेच टाइप करून, झेरॉक्स काढून सगळ्यांना दिलेलं. उशीएवढं जाड. कुठल्या गावाचा कुठला देव, कोण कुणाचा वैरी—बारीक अक्षरात. पहिलं पान लावता लावताच मी थकलो. मंगलने विचारलं, "वाचलंत ना?" मी म्हटलं, "मग!"

तिथेच कबूल करायला काय झालं होतं? एवढीशी गोष्ट.

मग एका रविवारी खेळातल्या माझ्या गावात दुष्काळ पडला. लोक ओरडायला लागले. लोक पाण्यासाठी ओरडले की मला एकच माहीत—चावी फिरवायची. मी धरण उघडलं. पूर्ण. फासेही माझ्याच बाजूने पडले.

धरणाखालची नदी तीन पिढ्या कोरडी होती आणि तिच्या पात्रातच एक शहर वसलं होतं. पुस्तकात होतं ते. चादरीवर नुसती निळी रेघ. शहर विनायकचं—मंगलचा कॉलेजपासूनचा मित्र. रविवारमागून रविवार घालवून त्याने ते उभं केलेलं. सगळं वाहून गेलं.

विनायक कपाळाला हात लावून हसला. "काय काका! चावीवाले ना तुम्ही? पाणी कुठे जाणार तेवढं पण नाही कळलं? पुस्तक उघडलंच नाही ना, खरं बोला!"

सगळे हसले. मंगलही. "अप्पांनी तुझी पार वाट लावली रे," म्हणाली.

वाईट मनाने नव्हतं कुणी, मला तेव्हाही कळत होतं. पण—चावीवाले ना तुम्ही? मी उठलो. पोरखेळ आहे सगळा, म्हटलं, आणि पुन्हा बसलो नाही.

पुढे वस्ती पाडून बिल्डिंग व्हायची ठरली. सामान हलवायच्या दिवशी मंगलला सुट्टी मिळाली नाही. विनायक टेम्पो घेऊन आला, एकटा कपाट उतरवत होता, घामाने निथळत. कामावर जाताना मंगल मला म्हणाली होती, "अप्पा, चादर तेवढी स्वतःच्या हातात घेऊन या." मी ती पसरली. फुटक्या बादल्या, गंजका स्टोव्ह, तुटके नळ तिच्यात घातले, चार टोकं बांधली आणि गाठोडं भंगारवाल्याला दिलं. रागाने? राग तर केव्हाच उतरला होता. मग का? स्वतःला विचारून दमलोय.

संध्याकाळी मंगलने चादर मागितली. मी म्हटलं, "विनायककडे दिली. टेम्पोत ठेवतो म्हणाला."

हेच ते. चादर नव्हे—हे वाक्य.

"काका, मला कधी दिलीत?" तो विचारत राहिला. मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "विसरला असशील." मंगलने बापावर विश्वास ठेवला. शहर बुडाल्याचा राग काढलास, असं तिने त्याला तोंडावर सांगितलं. तो यायचा थांबला. मग बाकीचेही. त्या दोघांचं पुढे काही होणार होतं का? मला तसं वाटायचं. तेव्हाही वाटायचं.

आता नवं घर आहे, भिंत मोठी आहे. परवा मंगलने नवी चादर पसरली. एकटीच, पेन्सिल घेऊन. "अप्पा, तुमचं धरण नक्की कुठे होतं हो?"

पुस्तक वाचवत नव्हतं म्हणून मी ती जुनी चादर नुसती बघून बघून पाठ केलेली. डोळे मिटून दाखवलं असतं. मी म्हटलं, "मला काय ठाऊक. पोरखेळ तुमचा."

तिने तो कोपरा कोरा सोडला. "विनायकला आठवत असेल," ती म्हणाली. फोन उचलला. बराच वेळ हातात धरला, आणि ठेवून दिला.

मी समोरच बसलो होतो, चहा घेऊन. चहा पीत राहिलो.