शाळेच्या दारातली गोट्यांची रांग

बायकोसोबत मी केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे चिंचा फोडणं. अमरावतीच्या घरी ओसरीवर पोतं टाकून आम्ही दोघं बसलो होतो. ती चिंचोके काढत होती, मी शिरा ओढत होतो. मधेच म्हणाली, "तुमी सगळ्यायले दरोड्याचे किस्से सांगता. थे अकोल्याचं गोट्यायचं प्रकरण कावून नाई सांगत?"

मी म्हटलं, "त्यात काय आहे सांगासारखं? ना खून, ना दरोडा."

"मंग झोपीत त्याच्यावरच कावून बडबडता?"

त्याच आठवड्यात ती गेली. आता घरात बोलायला कोणी नाही, म्हणून लिहितो. ते प्रकरण तेव्हाही डोक्यातून गेलं नाही, आजही जात नाही. मी चौथी शिकलेला माणूस. शिपाई म्हणून भरती झालो, फौजदार होऊन घरी बसलो. भाषा सरळ आहे, गोड लागणार नाही. नावं कोणाचीच घेत नाही.

त्रेसष्ट सालचा जून. मी अकोल्यात एका ठाण्यावर जमादार होतो. आमच्या हद्दीत एक प्राथमिक शाळा होती. मास्तर चांगले, म्हणून सगळ्या गावाला तीच पाहिजे. पहिलीचा वर्ग एक, खोली एक, आणि पोरं तीन खोल्या भरतील एवढी. हेडमास्तरांनी दोन नियम केले होते. जो रांगेत आधी तो आधी. आणि पोराचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागला पाहिजे. हात कानाला लागला तर सहा वर्षांचा धरायचा, नाही तर पुढच्या वर्षी या. जन्माची नोंद फार थोड्यांकडे असायची, म्हणून हाच दाखला.

रांग आदल्या संध्याकाळीच लागायची, पण माणसांची नाही, गोट्यांची. ज्यानं त्यानं आपला गोटा फाटकापुढं ठेवायचा, ओळखीची खूण करायची आणि घरी जायचं. गोटा आहे म्हणजे माणूस आहे, हे सगळ्यांना मान्य. मला ही रीत आवडायची. बंदोबस्ताला माणूस द्यावा लागत नसे.

त्या सकाळी मी स्टेशन डायरी लिहून उठत होतो, तोच आरडाओरडा करत लोक ठाण्यात शिरले. पुढं एक धोतरवाला, डोक्याला रुमाल बांधलेला, रुमाल रक्तानं भिजलेला. बार्शीटाकळीकडचा मोठ्या जमीनवाल्या घरचा माणूस, पोराच्या शाळेसाठी शहरात खोली घेऊन राहिलेला. मागून कापसाच्या जिनिंगमध्ये काम करणारी एक बाई, तिचा हात धरून एक किडकिडीत पोरगी. बाई बौद्ध वस्तीतली, नवरा वारलेला.

"हिनं मले गोटा मारला, जमादारसायब! लिवा तक्रार!"

"मारला! आनखीन मारन!" बाई म्हणाली. "माहा गोटा पयला होता. काल चार वाजताच ठेवला. सकायी पाह्यतो त गायब. वस्तीतले सगळेच गोटे गायब. अन याचा गोटा पयल्या नंबरवर, शेंदूर फासून देव होऊन बसला!"

"देवाचं नाव घेऊ नको तू!"

"काहून घेऊ? तुह्या देवाले पयलीत नाव टाकाचं हाय काय?"

ठाण्यातले शिपाई हसले. मी दोघांना बसवलं. दुखापतीची तक्रार म्हटल्यावर बाईला अटक होऊ शकत होती. ती आत, म्हणजे पोरगी रांगेबाहेर. बाईला तेच कळलं होतं. ती मारामारीबद्दल एक शब्द बोलत नव्हती, एकच विचारत होती, "फाटक कवा बंद होते?" हेडमास्तर त्या दिवशी पोरं तपासणार होते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी प्रवेश बंद करणार होते.

मी शाळेपुढं गेलो. गोट्यांची रांग होती तशीच होती. पहिला गोटा शेंदरानं लालभडक, तेल अजून ओलं. त्याच्यावर चक्क दोन जास्वंदीची फुलं. भाजी विकायला निघालेल्या कोणा बाईनं देव समजून वाहिली असावीत. मला हसू आलं आणि रागही आला. शेंदूर लावलेल्या गोट्याला आपल्याकडं कोणी पाय लावत नाही, हात लावत नाही. ही युक्ती ज्यानं केली तो माणसं ओळखून होता. आणि बौद्ध वस्तीतली माणसं सात वर्षांपूर्वी देव सोडून बसलेली, ती काही आपल्या गोट्यांना शेंदूर लावणार नव्हती.

समोरच्या चहावाल्यानं मला खुणेनं बोलावलं. कपबशी विसळत, माझ्याकडं न पाहता म्हणाला, "जमादारसायब, मी काई पाह्यलं नाई. पन नाल्यात लय गोटे दिसून राहिले आज."

नाला शाळेच्या मागं. पाणी नव्हतं, गाळ होता. दोन पंच घेतले आणि उतरलो. गोटे तिथंच पडलेले, कोणावर चुन्याची फुली, कोणाला चिंधी बांधलेली. एकेक उचलून पाहिला. दोन गोट्यांवर बोटांचे ठसे उठले होते, शेंदरी रंगाचे, तेलकट. आधी स्वतःचा गोटा रंगवला आणि मग त्याच हातानं दुसऱ्यांचे फेकले. घाईत हात पुसायचं राहून गेलं. पंचनामा केला आणि गोटे पोत्यात भरून ठाण्यात आणले.

चौकशीत मी कोणावर हात टाकत नसे. बसवून ठेवायचो, चहा पाजायचो आणि गप्प राहायचो. खोटं बोलणाऱ्याला गप्प बसणं जमत नाही. धोतरवाला अर्ध्या कपातच सुरू झाला.

"जमादारसायब, मी त निजलो होतो."

"हं."

"देवाचा गोटा कोनं बी ठेवला असन."

"मंग तुमचा कोणता?"

त्यानं कप खाली ठेवला. देव आपला नाही म्हणावं तर नंबर जातो, आपला म्हणावं तर शेंदूर अंगाला येतो.

मी म्हटलं, "हात दाखवा." तळहात घासून घासून साफ केले होते. मी म्हटलं, "पालथे करा." नखांच्या कडेला शेंदूर बसलेला. तेलात कालवलेला शेंदूर नखातून निघायला चार आंघोळ्या लागतात. मी पोतं उघडून चुन्याची फुली आणि शेंदरी बोटं असलेला गोटा टेबलावर ठेवला. त्यानं पाहिलं आणि मान खाली घातली.

"पोराच्या मायनं लावून दिलं," तो म्हणाला. "म्हने, तुमाले एवढं बी जमत नाई काय?" मग एकदम रडकुंडीला आला. "सायब, आमच्या गावात शाळाच नाई. मी अंगठा लावतो. पोरानं बी तेच करावं काय?"

त्यानं तक्रार मागं घेतली. ठाणेदारसाहेबांनी दोघांना समज दिली, बाईनं हात जोडले, आणि मी तिला नि पोरीला घेऊन शाळेत गेलो. हेडमास्तर माणूस सज्जन. गोटे पाहिले, हकीकत ऐकली आणि म्हणाले, "जुनी रांग धरू. पहिला नंबर हिचा." बाईच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा उजेड दिसला.

"ये बाळ, कान पकड."

पोरीनं उजवा हात डोक्यावरून टाकला. बोटं कानाच्या वर थांबली. तिनं मान वाकडी केली, खांदा उचलला, ओठ दाबून ताणलं. बोटभर कमी. मागून धोतरवाल्याचा पोरगा आला. तूपदूध खाल्लेला, उंचापुरा. हात सहज कानाखाली गेला.

"पुढच्या वर्षी आणा," हेडमास्तर म्हणाले.

"मास्तर, हे साडेसा वर्साची हाय! आमी नागपूरले धम्म घ्याले गेलो, तवा हे पोटात होती. वस्तीले इचारा."

"प्रत्येक आई सहाच सांगते हो. मी कोणाचं धरू? म्हणून तर हात लावतो."

बोलायला माझ्याकडं कायदा नव्हता. फुटलेल्या डोक्याला कलम होतं, आखूड हाताला नव्हतं. बाई फाटकापर्यंत चालत गेली आणि तिथं वळून मला म्हणाली, "जमादारसायब, तुमी चोर त पकडला. पन माह्या पोरीले काय भेटलं?"

संध्याकाळी पोलीस लाइनीत घरी आलो तर भाकर गोड लागेना. बायकोनं विचारलं. सगळं सांगितलं. ती चुलीवर भाकर फिरवत होती.

"तुमच्या घरी बैलं होते न?"

"होते."

"बाजारात बैल घेताना तुमचा बुढा काय करे? शेपटी मोजे?"

"दात पाहे."

"मंग?" ती म्हणाली. "पोट्टीनं सकायी ठान्यात तोंड उघडलं काय?"

मला आठवलं, पोरगी दिवसभर ओठ मिटून होती. चहावाल्यानं बिस्कीट दिलं, तेही तिनं तोंडावर हात धरून खाल्लं होतं.

"समोरचे दात पडले असतीन तिचे. लाजून राहिली असन," बायको म्हणाली. "उपाशी पोट्टीचा हात आखूड राहते. दात आपल्या टायमावर पडते."

पोलिसात तीसच्या वर वर्षं काढली, पण माझ्यासारखा माणूस काय पाहतो आणि काय पाहायचं सोडतो, हे मला त्या दिवशी कळलं. मी नाल्यातल्या गोट्यावरची बोटं पाहिली. समोर बसलेल्या पोरीचं तोंड पाहिलं नाही. आणखी एक कळलं, ते जास्त टोचतं. चोरी उघडकीस आली म्हणजे न्याय झाला, असं नसतं. रांग सरळ केली तरी खोली तेवढीच राहते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ड्रेस घालून वस्तीत गेलो, मायलेकींना घेतलं आणि फाटक उघडताच हेडमास्तरांपुढं उभा राहिलो.

"मास्तर, तुम्ही शेतकऱ्याघरचे. बैलाचं वय कशावरून सांगता?"

त्यांना आधी कळलं नाही. मग कळलं. त्यांनी पोरीकडं पाहिलं. ती आईच्या लुगड्यामागं गेली. आईनं तिला पुढं ओढलं. "दाखव वं माय मास्तरले. लाजू नको."

पोरीनं तोंड उघडलं. वरचे दोन पडलेले, आणि खाली एक नवा दात करवतीसारखा वर आलेला.

हेडमास्तरांनी वाकून दात पाहिले. "आणि कालचा तो पोरगा?" त्यांनी शाळेच्या शिपायाला विचारलं.

"त्याचे सगळेच दुधाचे हायत, गुर्जी."

"त्याचा हात पोचला. त्याला आता काढता येत नाही," ते म्हणाले. मग पोरीचं नाव लिहिलं. बाईनं माझ्या पायाला हात लावला. मी मागं सरलो.

नाव लिहून झाल्यावर हेडमास्तरांनी बाहेर येऊन रांगेच्या शेवटच्या माणसाला सांगितलं की जागा भरली. तो एक हमाल होता, कापूसबाजारातला. त्याच्या पोराचा हात कानाला लागत होता, दातही पडलेले होते. काल एकच जागा उरली होती, तिच्यासाठी त्याला "उद्या या" म्हटलं होतं. तो भांडला नाही. गोटा कोणी हलवला काय, एवढंच त्यानं मला विचारलं. मी नाही म्हटलं. ते खरं होतं.

माझी हजेरी दहाची होती, तोवर थोडा वेळ होता. मी सायकल घेतली, हमालाच्या पोराला पुढच्या दांडीवर बसवलं, बाप बाजूनं चालत आला. नदीपलीकडं दुसरी एक शाळा होती. तिथंही रांग होती. आम्ही तिघं शेवटी जाऊन उभे राहिलो.