मुंबई पाहिलेले दादाराव

दादाराव जंगलात काळा गॉगल घालून यायचे. भर सावलीत, मोहाच्या झाडांखाली डोळ्यांवर गॉगल आणि तोंडात मुंबई. बल्लारपूरला गाडीतून उतरले की नाक मुरडायचे, "हे का स्टेशन आहे? बोरीबंदर पाहा." मोहर्लीच्या तलावाला पाठ दाखवून म्हणायचे, "डबकं आहे बे. एकदा चौपाटी पाहा, मंग बोल." तरुणपणी मुंबईत चुलतभावाच्या खोलीत थोडे दिवस राहिले होते, तेवढ्या भांडवलावर ते आमच्या संघटनेचे पुढारी झाले. हे मी रागाने लिहितो आहे, आणि राग लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

आमची संघटना काम करत होती त्या गडचिरोलीकडच्या एका जंगलगावात घरासाठी बांबू तोडायला बंदी आली होती. तिथे भिंतीचा कूड बांबूचा, छप्पर बांबूचं, धान्याची ढोलीही बांबूची. पावसाळ्याआधी छपरं नीट झाली नाहीत तर लेकरंबाळं भिजणार. आमचा बांबू गाड्या भरभरून कारखान्यात जातो, त्याचा कागद होतो, तो कागद मुंबईला जातो आणि आमची बंदी अंगावर छापून परत येतो. हे मी पत्रकात लिहिलं होतं. अखेर मंत्र्यांनी भेटीची वेळ दिली. गावाने म्हातारे पैकूजी आणि दादाराव यांना पाठवलं. मीही येतो म्हटलं तर दादाराव हसले, "तू तिथं भांडशील. मंत्रालय म्हंजे तुह्या नागभीडचा बाजार नाई."

दोघं परतले त्या संध्याकाळी गाव गोटुलाच्या, म्हणजे गावाच्या सामाईक घराच्या, अंगणात जमलं. तिथली रीत अशी की गावाने पाठवलेला माणूस आधी घरी जात नाही. गावापुढे बसून झालं ते सांगतो. तो बोलेपर्यंत कोणी मध्ये तोंड घालत नाही, आणि जितके पाठवले तितके सगळे बोलतात.

दादारावांना वाटलं, आपलं भाषण आहे. त्यांनी गेटवे सांगितला, ताज हॉटेल सांगितलं. "बाहेरूनच पाह्यलं, पन काय दरवाजा हो!" मग मलबार हिलची बाग. "झाडं कापून हत्ती केला आहे, हत्ती! हुबेहूब!" लोक तोंडं उघडी टाकून ऐकत होते. शेवटी पाण्याचा घोट घेऊन म्हणाले, "आन् मंत्री सायबानं हो म्हटलं. तोडा बांबू."

बायका हसू लागल्या. कोणी कोयते काढायला उठलंसुद्धा.

"बसा," जानाबाई म्हणाल्या. गावात त्यांचा शब्द मोठा. "पैकूजी बोलाचे राह्यले."

"म्हातारा काय बोलते? मी सांगतलं न."

"त्याईले बी गावानंच धाडलं होतं, भाऊ."

पैकूजी जमिनीकडे पाहत बोलले. "आमी मंत्र्याले पाह्यलंच नाई. सकाऊन भेट होती. मी म्हनून राह्यलो, भाऊ चला, भाऊ चला. हे म्हने, बाग पाहून घे, जिंदगीत पुन्हा येशील का? मंग गेलो तं शिपाई म्हने, सायेब गेले." मग म्हणाले, "तो झाडाचा हत्ती पाह्यला मी. माळ्याले पुसलं, काऊन गा, तुले झाड कापाले कोनी मना नाई करत? तो हासला."

मी शिव्या द्यायला उठलो. जानाबाईंनी मला हात धरून बसवलं. गावाने तिथेच बसून ठरवलं, उद्या सगळ्यांनी मिळून बांबू तोडायचा. दिवसाढवळ्या, उघड.

दुसऱ्या दिवशी दुपारी वनखात्याचा रेंजर मोठी गाडी घेऊन आला. समोर तोडलेल्या बांबूचा ढीग आणि अख्खं गाव. त्यालाही भानगड नको असावी. म्हणाला, "मंत्र्यायनं परवानगी देल्ली म्हंतात. खरं आहे का?"

एक 'हो' पुरे होता. रस्त्याकडेला उभे असलेले दादाराव लगबगीने पुढे आले. "हो सायेब, मी सोता..."

"नाई," पैकूजी म्हणाले. "आमी भेटलोच नाई."

मग अटक होऊन गाडीत चढायचंच उरलं. आधी म्हाताऱ्यांना बसवलं, मग बाया, मग आम्ही. रेंजरने दादारावांकडे बोट केलं. "हे बी तुमच्यातलेच का?"

जानाबाईंनी वळून पाहिलंसुद्धा नाही. लुगडं सावरत त्या गाडीत चढल्या.

"नाई जी. ते पाहुने आहेत. मुंबईचे."