वैदूचे दोन दगड

आमच्या मेहकरच्या घरात दोन दगड होते. सासूबाईंनी ते दारावर आलेल्या वैदूकडून घेतले होते. दोन्ही पिवळट, तळहातावर मावतील एवढे. एकावर आडव्या रुंद पट्ट्या, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. तो देवघरात असे. दुसऱ्यावर बारीक चौकटींच्या सात ओळी, फरशी बसवावी तशा. त्यावर माझ्या तान्ह्या मुलीची गुटी उगाळत. गल्लीतल्या बाळंतिणी त्याच्यासाठी आमच्याकडे येत, आणि सासूबाईंचा मान त्याच्यावर उभा होता. मला त्यात काही विशेष दिसलं नाही. जायफळ मात्र चांगलं उगाळलं जायचं.

मुलीला बघायला माझे मामा आले. ते रत्नागिरीकडे मास्तर होते. देवाला नमस्कार करायला वाकले ते तसेच थांबले.

"हा दगड नाही. माशाचे दात आहेत."

आमच्याकडे चातुर्मासात कांदासुद्धा शिजत नसे. मी आतून दुसरा दगड आणून मामांपुढे ठेवला. लपवून काय होणार होतं?

"हाही त्याच कुळातला," मामा म्हणाले. पाकट मासा सुपापेक्षा मोठा, चपटा. समुद्रात घारीसारखे पंख हलवत जातो आणि या दातांनी शिंपले फोडून खातो. पट्ट्यांच्या दातांचा जो, त्याच्या शेपटीच्या मुळाशी विषारी काटा असतो. सात ओळींचा जो त्यांनी पाहिला होता, त्याला काटाच नव्हता.

"म्हणजे मी नांगीवाल्याले देवात बसवलं," सासूबाई म्हणाल्या, "अन् गरिबाले कामाले लावलं."

मामा हसले. सासूबाई हसल्या नाहीत. पट्ट्यांचा दगड त्यांनी त्याच दिवशी पैनगंगेत सोडला. दुसऱ्याचं काय करावं ते त्यांना सुचेना. फेकला तर गल्ली विचारणार, आणि खरं कळलं तर आमच्या पोरांना मासा चाटवला म्हणणार.

सकाळी शेजारच्या शेतकऱ्याची सून पोर घेऊन आली. "काकू, दगड द्या बरं. कालपासून किरकिर करून राह्यला हा."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या पोटात काही राहत नाही हे त्यांना ठाऊक होतं.

"तो माशाचा दात आहे," मी सांगून टाकलं.

"तं मंग?" ती म्हणाली. "आमच्यात चालते मासा. पोराले आताच चव लागन."

"मंग तूच ने," सासूबाई म्हणाल्या. "कायमचा. आमच्यात आता लहान लेकरू नाही."

माझी मुलगी तेव्हा माझ्या मांडीवर होती.

दोन दिवस मी साध्या सहाणेवर गुटी उगाळली. मुलगी थुंकायची. तिला दगडाचा फरक कळत होता की तिचं पोट बिघडलं होतं, देव जाणे. तिसऱ्या दिवशी मी तिला खांद्यावर टाकलं, जायफळ आणि हळकुंड घेतलं आणि निघाले.

"कुठी चालली?" सासूबाईंनी विचारलं.

"शेजारी. गुटी उगाळायला."

"मले सांगू नको."

मी उंबरा ओलांडला, तशा त्या मागून आल्या आणि माझ्या हातात काहीतरी कोंबलं.

"वेखंड इसरली तू," त्या म्हणाल्या.