हेमांगीची डॉक्टरेट

हेमांगी गेल्याचा फोन आला तेव्हा मी बोईसरला शिफ्टच्या बसची वाट पाहत उभा होतो. तिचा नवरा सुधीर एवढंच म्हणाला, "सकाळी गेली रे..."

पालघरच्या कॉलेजात आम्ही एकत्र शिकलो. पुढे ती औद्योगिक वसाहतीतल्या एका मोठ्या रसायन कारखान्यात सुरक्षा अधिकारी झाली, मी तिथल्याच एका लहान कारखान्यात शिफ्ट इनचार्ज. पन्नाशी जवळ आल्यावर तिने व्यवस्थापनातली व्यावसायिक डॉक्टरेट करायला घेतली. पीएचडीत सिद्धांतावर भर असतो, इथे आपल्याच कामात अडलेला प्रश्न घ्यायचा, असं ती समजावून सांगे. आधी नोकरी सांभाळून शनिवार-रविवारचे वर्ग आणि संशोधनाच्या पद्धतींचा अभ्यास. मग समितीपुढे आराखडा, नैतिकता समितीची परवानगी, मुलाखती, प्रबंध आणि शेवटी तोंडी परीक्षा. तिचा प्रश्न साधा होता. अपघात होता होता टळतो, तेव्हा कंत्राटी कामगार ते वर कळवत का नाहीत?

मासवण गावाहून कामाला येणाऱ्या कंत्राटी कामगार किसनने मुलाखतीला बसताच तिला विचारलं, "मॅडम, आमी बोललो ते वर जानार नाय ना?" कोणाचंही नाव सांगणार नाही, असा तिने शब्द दिला. मग किसन बोलला, त्याच्यामागून बाकीचेही बोलले. तक्रार केली की सुपरवायझर दुसऱ्या दिवसापासून कामावर घेत नाही, हे त्यातून बाहेर आलं.

काही महिन्यांनी, नावं नसलेला तिचा प्रगती अहवाल वाचून, कंपनीच्या संचालकांनी तिला बोलावलं. हे कोण म्हणालं ते सांगा, नाहीतर संशोधन बंद करा, असा सरळ मामला होता. त्या आठवड्यात ती माझ्या घरी आली आणि झालेलं सगळं सांगितलं. डिग्री जाईल, कदाचित नोकरीही जाईल, थोडं नमतं घे, असं मीच सुचवलं.

"नावं दिली तर त्यांची कामं जातील," ती म्हणाली. "मग मी कशाची डॉक्टर?"

कंपनीने परवानगी काढून घेतली. नियमाप्रमाणे त्या मुलाखती वापरता येणार नव्हत्या. तिने सगळी रेकॉर्डिंग्ज स्वतः पुसली. तिची बदली स्टोअरमध्ये झाली. नवा आराखडा, पुन्हा समिती, पुन्हा परवानगी... आमच्या मालकांनी आढेवेढे घेत होकार दिला आणि तिने लहान कारखान्यांतून पुन्हा सुरुवात केली. त्यातच पोटाचा कॅन्सर निघाला. दोन केमोंच्या मधल्या दिवसांत ती तोंडाला मास्क लावून मुलाखती घ्यायची.

तोंडी परीक्षेच्या दिवशी सुधीर आणि मी दाराबाहेर बसलो होतो. सुधीर दोनदा उठला, दोनदा बसला. बाहेर आल्यावर तिने सांगितलं, की हाती आलेली इतकी मोलाची माहिती टाकून का दिली, यावर परीक्षकांनी तिला फार ताणलं. तिने उत्तर दिलं होतं, "ती माहिती माझी नव्हतीच, सर." किरकोळ दुरुस्त्या सुचवून प्रबंध मान्य झाला. दुरुस्त्या तिने अंथरुणातून पुऱ्या केल्या. पदवीदान समारंभ मात्र तिला गाठता आला नाही.

प्रबंधात तिने एक पद्धत सुचवली होती. शिफ्ट सुरू होताना इनचार्जने खोलीबाहेर जायचं, कामगारांनी आपसात बोलायचं आणि कुठे धोका वाटतो ते, कोणाचं नाव न घेता, त्यांच्यातल्या एकाने सगळ्यांच्या वतीने सांगायचं. आमच्याकडे ती अजून चालू आहे. गेल्या आठवड्यात मी असाच बाहेर उभा होतो. दार उघडलं आणि त्यांचा प्रतिनिधी म्हणाला, "पंपाच्या सीलमधून रसायनाचा वास येतोय." कोण म्हणालं, हा प्रश्न अगदी ओठांवर आला... मी तो गिळला आणि पंप बंद करायला सांगितलं.