दुर्गाक्काची कपबशी

लालबागच्या त्या चाळीत संध्याकाळी कुणी नवखा आला, तर त्याला वाटावं, सुभद्रा साटमच्या खोलीत भांडण जुंपलंय. सासरा खेकसतोय, सून फणकारतेय, मधेच भटजी खाकरतोय. आत डोकवावं तर चौसष्ट वर्षांची एकटी बाई, मांडीवर वही! जुन्या कादंबऱ्यांची ऑडिओ नाटकं लिहायची ती, एका ॲपसाठी. प्रत्येक वाक्य आधी स्वतः बोलून बघायचं आणि जिभेला बोचलं की खोडायचं. ही सवय मंडळाच्या नाटकांतली. पंचवीस वर्षं तिने विंगेत उभं राहून नटांना विसरलेली वाक्यं पुरवली. टाळ्या अर्थात नटांना.

बाकी तिला बोलायला होतं कोण? लग्न केलं नाही. भाऊ-वहिनी कामावर जायचे, तेव्हा त्यांचा दीपक हिनेच वाढवला. आता ते दोघे वर गेले आणि दीपक बायको-मुलांसह पनवेलला. रविवारी फोन करायचा, तोही आठवला तर.

यंदाची कादंबरी शंभर वर्षांपूर्वीची. घरात अकरा माणसं, त्यातली एक घरधन्याची विधवा बहीण, दुर्गाक्का. सगळ्यांचा चहा, पथ्यपाणी, दुखलंखुपलं तीच बघते, पण अख्ख्या कादंबरीत हूं की चूं करत नाही. आणि ऑडिओ नाटकाचा कायदा मोठा मेला निर्दय: जो बोलत नाही, तो नाहीच.

“ताई, हिला उडवूया ना,” नाटक बसवणारी मेघना म्हणाली. “एकपण डायलॉग नाही. ही आहे हे ऐकणाऱ्याला कळणार कसं?”

“नाही उडवायची.”

“मग दोन वाक्यं तरी द्या.”

“तोंड उघडलं तर ती दुर्गाक्का कसली गं? बाकीची दहा उडव हवी तर. हिला हात लावू नकोस.”

मेघना बघतच राहिली. सहा नाटकं झाली, ताईंनी कधी आवाज चढवला नव्हता. आणि आता भांडत होत्या ते कुणासाठी, तर एका मुक्या बाईसाठी!

सुभद्राला ते सांगता येईना, पण दुर्गाक्का गेली असती तर तिला घरातलंच माणूस गेल्यासारखं झालं असतं. ती चार दिवस डोकं खाजवत बसली. बांगड्या वाजवल्या असत्या, पण त्या काळच्या विधवेच्या हातात बांगड्या कुठल्या! शेवटी सुचलं: कपबशी. कुणी बोलायच्या आधी त्याच्यापुढे कपबशी ठेवल्याचा आवाज. दोन-तीनदा ऐकला की कळतंच, कुणीतरी आलं, ठेवून गेलं. प्रभादेवीच्या स्टुडिओत ती घरची कपबशी पदरात गुंडाळून घेऊन गेली आणि माइकपुढे बसून स्वतः तेवीस वेळा ठेवली. दर वेळी वेगळी. रागावलेल्या भावापुढे हळू, आजारी सुनेपुढे त्याहून हळू.

नाटक ॲपवर आलं त्या सकाळी तिने कानात इयरफोन घातले. पहिला प्रवेश. भाऊ म्हणाला, “वा, फक्कड झालाय चहा!” कपबशी वाजलीच नाही. दुसऱ्या प्रवेशात नाही, तिसऱ्यातही नाही. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि मेघनाला फोन लावला.

“अरे देवा! ताई, सॉरी. एडिटरला वाटलं, मागचा खडखडाट आहे, त्याने सगळा साफ केला. आता ॲपवर गेलंय, बदलता नाही येणार. पण शप्पथ सांगते, कुणाच्या लक्षातसुद्धा येणार नाही!”

तेच तर! सुभद्राला रडूच कोसळलं. तीन दिवस तिने वही उघडली नाही, खोलीतून कुणाचा आवाज आला नाही. चाळीतल्या कुणी विचारलंही नाही.

रविवारी दीपकचा फोन आला. “आत्या, ऐकलं गं आम्ही सगळ्यांनी! एक नंबर झालंय. फक्त एक सांग, त्या घरात सगळे जेव्हा बघावं तेव्हा चहा पितायत. करतं कोण?”

तो स्वतःच्याच विनोदावर हसला. बावीस वर्षं रोज सकाळी ह्याच्या उशाशी चहा कुणी ठेवला होता?

“हॅलो? आत्या? ऐकू येत नाही गं. आहेस ना?”

“आहे रे,” ती म्हणाली. “इथंच आहे.”